सतीश, दुसरा उपचार अर्धा राहिला

सतीश,

तुला जाऊन तीन आठवडे होत आले, आणि तेवढ्यात सगळ्यांनी मिळून तुला शांत करून टाकलंय. जो येतो तो तेच म्हणतो, "फार शांत स्वभावाचे होते हो." मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, जहाजांच्या यार्डातले तुझे लोक म्हणतात, चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजीसुद्धा "व्हेरी क्वाएट, गुड मॅन" म्हणत बिस्किटांचा डबा ठेवून गेल्या. मी मान हलवते, चहा देते. मनात म्हणते, शांत कसला डोंबलाचा! भिडस्त होता. एक नंबरचा भिडस्त. शांत माणसाला झोप लागते, तुला दोन वर्षं धड लागली नाही.

इथे सेम्बावांगमधल्या त्या न्हाव्यानं वर्षानुवर्षं तुझे केस वाकडे कापले आणि तू दर वेळी आरशात बघून "गुड, गुड" म्हणालास. का, तर त्याला वाईट वाटेल. देशपांड्यांकडे साबुदाण्याची खिचडी दगड झाली होती, तर तू दुसऱ्यांदा मागून घेतलीस. मग काय, सतीशभावजींना आवडते म्हणून वहिनींनी दर वेळी तीच केली. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. लग्नाआधी तुला पाहिलं तेव्हाच ती मला म्हणाली होती, वसू, मुलगा सोन्यासारखा आहे, पण ह्याच्या वतीनं बोलायचं काम जन्मभर तुला करावं लागेल. केलं. आनंदानं केलं. आता ज्याच्या वतीनं बोलायचं तोच नाही, आणि माझं तोंड काही बंद होत नाही. आपली लेक ईरा हॉस्टेलवरून शनिवारी येते. बाकीचे दिवस मी ह्या फ्लॅटमध्ये तुझ्याशीच बोलते. भाजीत मीठ कमी पडलं तर तेही तुलाच सांगते.

गंमत म्हणजे कामावर तू असा नव्हतास. तुआसच्या यार्डात तुझं काम वेल्डिंग तपासायचं. जहाजाच्या पोलादी पत्र्यांचा जोड एक्स-रे काढून बघायचा, आत बुडबुडा किंवा चीर दिसली की नापास. मग तो जोड खरवडून काढायचा, पुन्हा घालायचा, आणि तोच दोष परत येत असेल तर पद्धत बदलायची. दुसरी सळई, दुसरा करंट, गरज पडली तर दुसरा वेल्डर. मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात हिशेब तपासणारी बाई, पण तू इतक्यांदा सांगितलंयस की मला हे पाठ आहे. तिथे तुला कुणाची भीड वाटायची नाही. मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी नापास म्हणजे नापास.

सेल्वम तुझा सगळ्यात चांगला वेल्डर. तमिळनाडूचा, तुझ्याच वयाचा, यार्डात तुझ्याइतकीच वर्षं काढलेला. बायको आणि दोन मुली गावाकडे. त्याचा एक जोड तू नापास केलास. जेवणाच्या सुट्टीनंतर तो जहाजाच्या टाकीत उतरून तो खरवडणार होता आणि तू जागेवर खूण करून देणार होतास. सुट्टीत गॅसची नळी आतच राहिली होती आणि ती गळत होती. सुट्टीनंतर उतरण्याआधी आतली हवा तपासायची असते. त्या दिवशी ती कुणी तपासली नाही, असं पुढे चौकशीत निघालं. ह्या गॅसला लसणासारखा वास येतो. तू टाकीच्या तोंडाशी पोचलास, तुला तो वास आला, तू ओरडायला तोंड उघडलंस, आणि आत सेल्वमच्या हातून ठिणगी पडली.

सेल्वम गेला. तुझ्या भुवया जळल्या, बाकी खरचटलंसुद्धा नाही. लोक मला म्हणाले, नशीब थोर तुमचं. मीही देवापुढे साखर ठेवली.

मग आपल्या घरातून लसूण गेला. आधी मला कळलंच नाही. आमटीला फोडणी घातली आणि तू ताटावरून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलास, कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलास. शर्ट पाठीला चिकटलेला. असं दोन-तीनदा झाल्यावर मी लसूण आणणंच बंद केलं. चटणी टाकून दिली, पिठलं जिऱ्यावर करायला लागले. कुणाकडे जेवायला जायचं असलं की आधी फोन करून सांगायची, आम्ही लसूण सोडलाय. झालं, मंडळात बभ्रा झाला की सतीश-वसुधा कुठल्या तरी महाराजांचे झाले. कुलकर्णी तर तुला सत्संगाची वेळ विचारायला आले. तू त्यांना सरळ नाही म्हणावंस की नाही? "गुरुवारी असतं," म्हणालास. गुरुवारी तुझी क्लिनिकची वेळ असायची. ते गेल्यावर मी हसून हसून बेजार झाले, आणि तूही हसलास. त्या वर्षात तू हसलेला मला तेवढाच आठवतो.

लिफ्ट नको झाली, म्हणून नऊ मजले चढायचे. झोपायला बेडरूम नको, दाराशी चपलांच्या कपाटाजवळ सतरंजी. दिवा चालू. कुणी मागून हाक मारली तर अंगावर शहारा. मला हात लावायला तू घाबरायचास, मी लावला तर दचकायचास. बोलायचास, नाही असं नाही. पाणी तापलंय, बस येतेय, ईराचा फोन होता. पण त्यात तू नसायचास. एका घरात राहून मला तुझी आठवण यायची, सतीश. हे कुणाला सांगणार? नवरा समोर बसून पेपर वाचतोय आणि मला त्याची आठवण येतेय म्हटलं तर लोक मलाच डॉक्टरकडे पाठवतील.

डॉक्टरांनी धक्क्यानं मनाला जडलेल्या ह्या दुखण्याला पीटीएसडी असं नाव दिलं आणि तुला जॅस्मिनकडे पाठवलं. तिशीची, चष्मा लावणारी, जीव ओतून काम करणारी मुलगी. आपल्या दोघांना बसवून तिनं तिची पद्धत नीट समजावली होती. डोळे मिटून ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, आत्ता घडतंय अशी, पुन्हा पुन्हा. ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. ज्याच्यापासून पळतोय त्याच्या जवळ जात राहिलं की भीती हळूहळू बोथट होते. पुष्कळांना गुण येतो, म्हणाली. मला पटलं होतं. अजूनही पटतं.

पण तू ते घरी ऐकायचा नाहीस. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीच्या पायथ्याच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसायचास. भाजी घेऊन येताना मी एकदा पाहिलं. शेजारच्या टेबलावर म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, आणि तू ताठ बसून कानात ती दुपार ऐकत होतास. ईरा इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणालीसुद्धा, "पा, यू गॉट इअरफोन्स व्हॉट. सिट अ‍ॅट होम लाह." तू म्हणालास, "असू दे. तुम्हाला कशाला त्रास." मला वाटलं, नेहमीची भीड. ती नेहमीची नव्हती, पण ते मला फार उशिरा समजलं.

दर आठवड्याला जॅस्मिन विचारायची, झोप कशी, दचकणं कसं, राग कसा. आणि तू दर आठवड्याला थोडं थोडं बरं असल्याचं सांगत गेलास. एकदम नाही, तिला खरं वाटेल असं. शेवटच्या भेटीला तिनं मला बोलावलं. काय खूश होती ती पोर! "मिस्टर सतीशनी इतकी मेहनत घेतली," म्हणाली. आता उपचार थांबवायला हरकत नाही, म्हणाली. आणि तू तिच्यासमोर बसून मान डोलावत हसत होतास. सकाळीच तुझी सतरंजी मी चपलांपासून उचलली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्याकडे असा बघितलास की मी मूग गिळून बसले.

घरी येताना जिन्यात भांडलो. नऊ मजले चढायचे आणि भांडायचं, दोन्ही एकदम.

"ती मुलगी किती झटली आपल्यासाठी," तू म्हणालास. "तिला तोंडावर सांगू, तुझा काही उपयोग झाला नाही म्हणून?"

"तिला नको सांगूस. मलाही नको सांगूस. चपलांना सांग, त्यांच्याशेजारी झोपतोस."

"वसू, हळू. लोक ऐकतील."

"ऐकू देत! सतीश, यार्डात काय करायचास तू? सेल्वमपण झटलाच होता ना? म्हणून त्याचं मन राखायला त्याचा जोड पास केलास का?"

पाचवा मजला असेल. तू थांबलास. कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिलास.

"पास केला असता तर तो आत गेलाच नसता," तू म्हणालास.

आपण दोघं तिथेच पायरीवर बसलो. कुणाच्या तरी घरून तळलेल्या माशांचा वास येत होता. मी विचारलं, "हे जॅस्मिनला सांगितलंस?"

"ती विचारते, काय झालं. ते सांगतो. माझा दोष किती, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

"म्हणजे घोडं इथे पेंड खातंय," मी म्हटलं.

तिची वेळ तू पुन्हा मागितलीस. आठवडाभर दाढी करताना एकच वाक्य घोकत होतास, "इट डिड नॉट वर्क." जहाजाच्या मालकाला नापास म्हणणारा माणूस, आणि चार शब्दांसाठी घाम फुटलेला. आत मलाही बसवलंस. बोललास एकदाचं. पुढे लगेच "सॉरी" लावलंस, ते नसतं लावलंस तर चाललं असतं.

जॅस्मिनला वाईट वाटलं नाही. वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी तुम्हाला असेच घरी पाठवले असते. पहिला उपचार लागू पडला नाही असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणाली, त्यात तुम्ही नापास होत नाही आणि उपचारही संपत नाहीत. आधी आपण बघू, काय राहून गेलं. मग पुढचं. एक रस्ता बोलण्याचाच, पण त्या दुपारचं वर्णन करण्याऐवजी तुम्ही स्वतःविरुद्ध जो निकाल देऊन बसलाय त्याची उलटतपासणी करायची. दुसरा, ईएमडीआर म्हणतात त्याला, आठवण मनात धरायची आणि समोरच्याच्या बोटांमागे नजर फिरवायची, सगळं तोंडानं सांगायची सक्ती नाही. तू गोळ्यांना आजवर नको म्हणाला होतास, त्याही होत्या, त्यासाठी वेगळ्या डॉक्टर. वाईट स्वप्नांसाठी वेगळा सराव. ह्यातलं एकाला दुसऱ्याची जोडही देता येते. आणि माणूस बदलायचा असेल तर मला राग येणार नाही, असंही ती म्हणाली. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय मारला. "माणूस बदलून बघू," तू म्हणालास. त्या दिवशी तुझा मला इतका अभिमान वाटला की परत येताना मी तुला टॅक्सीनं आणलं.

तू ईएमडीआर निवडलंस. का, विचारलं तर म्हणालास, सगळं बोलावं लागत नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

ईएमडीआर करणारी फरीदा तुला मानवली. मलय बाई, डोक्याला रुमाल, नातवंडं असलेली. पहिल्या दिवशी तू घरी येऊन दाखवलंस, ती बोटं कशी डावीकडून उजवीकडे नेते आणि तू कसे डोळे फिरवतोस. मी म्हटलं, "अरे, मग सरळ माझ्याकडे यायचं होतंस, मी फुकटात दृष्ट काढली असती." तू म्हणालास, "ती मीठमोहरी वापरत नाही." असं उत्तर तू मला कित्येक महिन्यांत दिलं नव्हतं.

लगेच काही चमत्कार झाला नाही. उलट सुरुवातीला तू जास्तच बिघडलास. गोळ्याही घ्यायला लागला होतास, त्यांनी मळमळायचं, गुरुवारी रात्री जेवायचा नाहीस, शुक्रवारी कुणाशी बोलायचा नाहीस. मी फरीदाला फोन करून तणतणले, बरं करताय की मारताय? ती शांतपणे म्हणाली, आत ढवळल्यावर गाळ वर येतो, मी वेग कमी करते, तुम्ही जेवण वाढत राहा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे माहीत होतं, पण मुंगी इतकी हळू चालते हे माहीत नव्हतं.

मग एका रविवारी तू म्हणालास, पिठलं कर, लसणाचं. मी शेजारणीकडून दोन पाकळ्या आणल्या. फोडणी पडली तेव्हा तू कॉरिडॉरमध्ये होतास, पण ह्या वेळी पाठ फिरवून नाही, आत बघत. मग दारात आलास. मग ओट्याजवळ. घाम आलेलाच होता, पण उभा राहिलास. पोटभर जेवलास. नंतर काही दिवसांनी सतरंजी बेडरूममध्ये आली, मग तू पलंगावर आलास. मी हललेसुद्धा नाही, तू दचकशील म्हणून.

एक सांगू? मला फरीदाचा हेवा वाटायचा. तू त्या खोलीत जायचास आणि मी बाहेर खुर्चीवर बसून आपली एसीत कुडकुडायची. बाहेर यायचास तेव्हा तुझे डोळे लाल असायचे आणि चेहरा मोकळा. जे काही तुला झालं होतं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं. तुला परत आणत होती ती, मला त्याबद्दल तिचे पाय धरावेसे वाटायचे, आणि परत येताना बसमध्ये मी तुझ्याशी उगाच फटकून वागायची.

आणि मग हार्बरफ्रंटचा तो रविवार. अपघातानंतर तू जहाजाकडे बघितलं नव्हतंस, यार्डानंही तुला टेबलावरचं काम दिलं होतं. त्या दिवशी तूच म्हणालास, चल, फेरीबोटी बघू. आपण कॉफी घेऊन धक्क्याच्या कठड्यापाशी बसलो. बाताम बेटाकडे जाणारी माणसं बॅगा ओढत चालली होती.

"त्या दिवशी तुझा फोन आला होता," तू म्हणालास.

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

तुझा आत्तेभाऊ नंदू पुण्याहून सहकुटुंब येणार होता. मी त्यावरून वैतागले होते. त्याची बायको भात खात नाही, चौघं झोपणार कुठे, मला रजा मिळत नाही, तुझ्याकडच्यांना आधी कळवायची पद्धतच नाही. टाकीजवळ फोन नेता येत नाही, तू तो पेटीत ठेवतच होतास तेवढ्यात तो वाजला. रोज तू टाकीच्या तोंडाशी आधी वाकायचास, वास घ्यायचास, मगच कुणाला उतरू द्यायचास. यार्डात ह्यावरून तुझी थट्टा व्हायची. त्या दिवशी तू सेल्वमला हातानं खूण केलीस, तू हो पुढे. आणि माझं ऐकत राहिलास. हं. हं. बघू. हं.

"ठेव म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

"तू चिडली होतीस."

जन्मात कधी माझा फोन तू आधी ठेवला नाहीस. मला त्याचं कोण कौतुक होतं. बायकांत सांगायची मी.

जॅस्मिनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो फोन नव्हताच. तू मला तेही सांगितलंस. "घरात चुकून तुझ्या कानावर पडलं तर, म्हणून काढून टाकला," म्हणालास. म्हणजे तू रोज व्हॉइड डेकमध्ये बसून अशी दुपार ऐकत होतास की जिच्यातून मला वगळलं होतं. कसा गुण येणार होता? जॅस्मिन बिचारी, तिला तू अर्धंच दुखणं दाखवलं होतंस.

मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. "म्हणजे मी फोन केला म्हणून तू आज इथे बसून कॉफी पितोयस," मी म्हटलं.

"म्हणजे मी फोन ठेवला नाही म्हणून सेल्वम नाही," तू म्हणालास. "मी आधी वाकलो असतो तर वास आला असता. दोघंही वाचलो असतो."

"कशावरून? तूच म्हणतोस ना, वारा असला की कधी वास कळत नाही? नसता आला तर दोघंही आत असता."

"असतोही," तू म्हणालास.

असे किती वेळ वाद घातले असतील. फेरी गेली, दुसरी आली. तू माझ्यावर रागावला नव्हतास, ते मला दिसत होतं. पण मला एक गोष्ट हवी होती आणि मी ती मागितली. म्हटलं, "सतीश, एकच सांग. मी फोन केला ते बरं झालं की वाईट?"

तू कॉफीचा कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "गुरुवारी फरीदाकडे दोघं जाऊ. तिथे सांगतो. इथे विचारलंस तर मी तुझं मन राखायला काहीतरी बोलीन."

तेव्हा मला तू जितका जवळचा वाटलास तितका लग्नातही वाटला नव्हतास. आणि भीतीही वाटली. आता हा माणूस मला खरं सांगणार.

गुरुवार आलाच नाही. मंगळवारी ऑफिसला जाताना बसमध्ये तुझ्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयाचं मोठं नाव सांगितलं, ते मी ऐकून विसरले. त्या बसमधली एक बाई नंतर पत्ता काढून मला भेटायला आली. ती म्हणाली, "तुझा नवरा उभा राहिला आणि मोठ्यांदा ओरडला, मला बरं नाही, बस थांबवा." ड्रायव्हरनं लगेच थांबवली. लोकांनी तुला आडवं केलं, कुणी कॉलर सैल केली, अँब्युलन्सही वेळेत आली. उपयोग झाला नाही. पण सतीश, तू ओरडलास. भरल्या बसमध्ये, ऑफिसच्या वेळेला, सगळ्यांचा खोळंबा करून. तू! त्या बाईचा हात धरून मी रडले ते त्यासाठी. तिला वाटलं, तू गेलास म्हणून.

गेल्या आठवड्यात मी फरीदाकडे गेले. ईरानं धाडलं. "मा, जस्ट गो लाह. यू ऑल्सो कॅनॉट स्लीप." मी त्या खोलीत पहिल्यांदाच बसले. आत साधी खुर्ची आहे, खिडकीत कुंडी आहे, एवढंच. मी फरीदाला विचारलं, तो मला काय सांगणार होता? ती म्हणाली, इथे तो जे बोलला ते त्याचं आहे, ते मला देता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. बाई, मला बाकी काही नको, एवढंच द्या. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ते त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. आधी बायकोला सांगीन, म्हणाला होता."

म्हणजे ते उत्तर आता कुणाकडेच नाही. तुझ्याबरोबर गेलं. आणि गंमत बघ, आयुष्यभर तुझ्या वतीनं बोलले, न्हाव्याशी बोलले, बँकेत बोलले, ईराच्या शाळेत बोलले, पण हे एक काही केल्या तुझ्या वतीनं बोलता येईना. बरं झालं म्हणाला असतास असं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. वाईट झालं, हेही सांगून बघितलं. ते ऐकवेना. मग फरीदा म्हणाली, त्याचं राहू दे, तुमचं काय? मी तिला म्हटलं, माझं काही नाही. आणि उठून आले.

तिच्यापाशी खोटं बोलले. तिला ते सांगवेना, ईरालाही सांगणार नाही. सेल्वमची बायको समोर आली तर तिच्या डोळ्यांत बघवणार नाही. पण तुला सांगते, तुझं मन राखायला नाही. समज, ती दुपार परत आली, आणि फोन करायचा की नाही एवढंच माझ्या हातात असलं, बाकी कुणाला काही सांगायची, सावध करायची मुभा नसली. नाही केला तर कदाचित तुला वास येईल आणि दोघंही वाचाल. कदाचित येणार नाही आणि दोघंही जाल. तुझ्या जिवावर ती कदाचितची बाजी मी लावणार नाही, सतीश. मी फोन करीन. सेल्वम पुढे जातोय हे माहीत असून करीन. तू मला कधीच माफ करणार नाहीस हे माहीत असून करीन. नंदूचं बोलीन, भाताचं बोलीन, तोंडाला येईल ते बोलत राहीन, आणि तुला फोन ठेवू देणार नाही.